किनाऱ्यावरची बंद घरे आणि दोन खोल्यांचा धंदा

वाकोल्याच्या बाजारात माझे कापडाचे दुकान आहे. चादरी, पडदे, टॉवेल, उशांचे अभ्रे आणि थोडा ड्रेस मटेरियलचा माल. तीस वर्षांत दोन ईद सोडल्या, तर स्वतःच्या मर्जीने दुकान मी क्वचितच बंद ठेवले. डोक्यावरून विमाने जातात, समोरून रिक्षा जातात आणि गठ्ठे सोडण्यात व बांधण्यात दिवस जातो. लग्नाला अठ्ठावीस वर्षे झाली. या काळात पत्नीला घेऊन मी लग्नांना गेलो, मयतींना गेलो, इस्पितळात गेलो; पण नुसत्या आरामासाठी दोघे कुठे गेलो, असे एकदाही घडले नाही.

गेल्या हिवाळ्यात मुलांनी हट्टच धरला. आधी त्यांनी मढ बेटावरच्या बंगल्यांची चौकशी केली. वर्सोव्याहून होडीने खाडी ओलांडली की मढ येते आणि तिथले बंगले दिवसाच्या भाड्याने मिळतात. पण ते पंधरा-वीस जणांच्या सहलीचे. दोन माणसांनी एवढ्या बंगल्यात काय करायचे? मग मुलाने मोबाईलवर मुरुडजवळच्या समुद्रकाठच्या एका घरातली खोली शोधली. घर आपल्याच समाजातल्या एका जोडप्याचे, जेवण घरचे, समोर जंजिरा बेट. दोन रात्रींचे पैसे भरून टाकले आणि दुकानाच्या किल्ल्या माझ्या हातातून काढून घेतल्या.

सहलीचे वर्णन लिहावे असे हे पान नव्हे, हे मला ठाऊक आहे. पण व्यापाऱ्याचा डोळा सुटीवर जात नाही. त्या दोन दिवसांत जे पाहिले त्यात आपल्या अनेक व्यापारी आणि कारागीर बांधवांच्या फायद्याची गोष्ट आहे, आणि थोडी शरमेचीही. म्हणून लिहितो.

सांताक्रूझहून समुद्रापर्यंत

सांताक्रूझहून हार्बरची गाडी पकडली तर ती थेट डॉकयार्ड रोडला उतरवते. याच गाडीने मी मशीद बंदरला माल आणायला वर्षानुवर्षे जातो. डॉकयार्ड रोड त्याच्या दोन स्टेशने आधी येते आणि मी तिथे कधी उतरलो नव्हतो. तिथून भाऊचा धक्का जवळ आहे. २०२० च्या मार्चमध्ये इथून मांडव्याला रो-रो बोट सुरू झाली. मोटारी, मोटारसायकली आणि माणसे एकाच बोटीतून जातात. तासाभरात आम्ही मांडव्याला उतरलो. पुढे अलिबाग, रेवदंडा, काशीद करीत मुरुड. रस्ता जागोजागी समुद्राला चिकटून जातो. पत्नी खिडकीशी बसली होती. नेहमी प्रवासात ती डोळे मिटून घेते. या वेळी मुरुड येईपर्यंत तिने डोळे मिटले नाहीत.

घर कसे होते

घर जुने, जांभ्या दगडाचे, वर मंगलोरी कौले. पुढे पडवी, मागे नारळ-सुपारीची वाडी. मालक बरीच वर्षे आखाती देशात नोकरीला होते. परतल्यावर त्यांनी बाजूच्या दोन खोल्या दुरुस्त केल्या. प्रत्येक खोलीला स्वतंत्र न्हाणीघर, बाहेरून वेगळा दरवाजा आणि पडवीचा एक कोपरा पडदा लावून पाहुण्यांसाठी राखलेला. या पडद्याची किंमत पुरुषांना समजत नाही. पत्नी म्हणाली, ‘‘इथे डोक्यावरची ओढणी सारखी सावरायला लागत नाही.’’ भिंतीवर किब्ल्याची दिशा दाखवणारा छोटा बाण होता. कपाटात जानमाज होता.

जेवणात तांदळाची भाकरी, नारळाच्या दुधातले मच्छीचे सालन, तळलेला बांगडा आणि कोकम. स्वयंपाक घरच्या भाभी करतात. मांस कुठून आणले, कोणी कापले, हे विचारावे लागत नाही. आमच्या आधी आलेले पाहुणे पुण्याचे हिंदू कुटुंब होते, असे त्यांनी सांगितले; म्हणजे हे घर सगळ्यांसाठी खुले आहे. पण आपल्या समाजातली पुष्कळ जोडपी केवळ खाण्याची आणि पडद्याची अडचण म्हणून घराबाहेर पडत नाहीत. हे गिऱ्हाईक मोठे आहे आणि त्याची गरज आपल्याइतकी दुसऱ्या कोणाला कळणार नाही.

चादरीने झोप मोडली

पहिल्या रात्री पत्नीला नीट झोप लागली नाही. समुद्राची हवा दमट, आणि अंगाखाली चादर चिकटत होती. मी हाताने चोळून पाहिली आणि ओळखली. हा माल बाजारात ‘ग्लेस कॉटन’ म्हणून विकला जातो. नावात कॉटन आहे, पण सूत बहुधा पॉलिस्टरचे असते. रंग चमकदार, भाव कमी, धुतले की लगेच वाळते, इस्त्री लागत नाही. फक्त घाम शोषत नाही.

सकाळी मी मालकांना विचारले. ते म्हणाले, ‘‘दुकानदाराने शंभर टक्के सुती सांगून दिली.’’ मी गप्प बसलो. कारण गिऱ्हाइकाने ‘‘कॉटन आहे ना?’’ असे विचारल्यावर मीही कधी कधी नुसती मान हलवलेली आहे. नावच तसे आहे, आपण कुठे खोटे बोललो, अशी मनाची समजूत घातलेली आहे. आपण विकलेल्या चादरीवर कोण झोपते ते व्यापारी कधी पाहत नाही. मी त्या रात्री पाहिले. माझीच बायको कूस बदलत होती.

मग चहा घेता घेता मी त्यांना पारख दाखवली. चादरीच्या कडेचा एक धागा ओढून काडीने पेटवायचा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि त्याची राख बोटाने चुरडली जाते. पॉलिस्टरचा धागा आकसतो, वितळतो आणि टोकाला कडक मणी धरतो. मणी आला की समजावे. ही पारख प्रत्येक गिऱ्हाइकाला माहीत झाली तर आपल्या धंद्याचे नुकसान होईल असे काहींना वाटेल. माझ्या मते प्रामाणिक दुकानदाराचा त्यात फायदाच आहे.

खोल्या भाड्याने देणाऱ्यांनी कापडाच्या बाबतीत पुढील गोष्टी लक्षात ठेवाव्यात. एका पलंगामागे चादरींचे तीन जोड हवेत : एक पलंगावर, एक धुण्यात, एक कपाटात. दोन खोल्यांना ९० बाय १०० इंची सहा चादरी, बारा अभ्रे आणि बारा टॉवेल पुरतात. आजच्या भावाने दहा-बारा हजारांत काम होते. चादर सुती आणि शक्यतो पांढरी किंवा फिक्या रंगाची घ्यावी. गडद छापील चादरीवर डाग दिसत नाहीत, म्हणूनच पाहुण्याला तिचा संशय येतो. टॉवेल सोलापुरी चांगला. पण फार जाड घेऊ नये, समुद्राच्या हवेत तो दोन दोन दिवस वाळत नाही आणि वास धरतो. विहिरीचे पाणी खारट असेल तर साबणाला फेस येत नाही आणि कापड कडक होते. तेव्हा शेवटचे पाणी गोडे वापरावे.

हा सारा माल भिवंडी, सोलापूर, इचलकरंजी इथे तयार होतो, आणि त्यात आपल्या कारागिरांचे हात आहेत. किनाऱ्यावर अशा शंभर खोल्या वाढल्या तर तीनशे जोड चादरी लागतील. तेव्हा हा धंदा केवळ घरमालकाचा नाही. सुतार, गवंडी, प्लंबर, धोबी, शिंपी, होडीवाला, रिक्षावाला असे सगळे त्यात येतात.

बेटावर

दुसऱ्या दिवशी राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होडीने जंजिऱ्याला गेलो. अरबीत आणि उर्दूत बेटाला ‘जझीरा’ म्हणतात. शाळेत भूगोलाच्या पुस्तकात हा शब्द आम्ही शिकलो होतो. त्याचेच आपल्याकडे जंजिरा झाले. आफ्रिकेतून आलेल्या हबशी लोकांचे, म्हणजे सिद्दींचे, हे ठाणे. शिवाजी महाराज आणि त्यांच्यानंतर संभाजी महाराज, दोघांनीही मोहिमा केल्या. महाराजांनी जवळच्या खडकावर पद्मदुर्ग बांधला. तरी हा किल्ला सिद्दींच्याच हाती राहिला. १९४८ मध्ये संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. आज किल्ला पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे.

होडी थेट दरवाजाच्या पायऱ्यांना लागते आणि हलत्या होडीतून उडी मारून उतरावे लागते. पत्नीचा हात मी धरला. भर रस्त्यात, म्हणजे भर समुद्रात, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. ती हसली.

आत तोफा आहेत, बुरूज आहेत आणि चारी बाजूंनी खारे पाणी असताना गोड्या पाण्याचे दोन मोठे तलाव आहेत. पण पत्नी थांबली ती पडक्या घरांपाशी. एके काळी या किल्ल्यात वस्ती होती. लोक हळूहळू किनाऱ्यावर राहायला गेले. आता भिंती आहेत, त्यांतून झाडे उगवली आहेत, छप्पर कुठेच नाही. ती बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, ‘‘आपले घरही असेच होणार ना?’’

मी उत्तर दिले नाही. आमचे गाव खाडीपलीकडे, श्रीवर्धन तालुक्यात आहे. मरहूम वडिलांचे घर तिथे आहे. त्याला कुलूप आहे.

वहीतला हिशेब

रात्री जेवणानंतर मालकांनी मला त्यांची वही दाखवली. एक व्यापारी दुसऱ्याला सहसा वही दाखवत नाही, म्हणून मी त्यांचा आभारी आहे. हा एका घराचा हिशेब आहे, सगळ्यांचा असाच असेल असे मी म्हणत नाही.

दोन खोल्या, खोलीचे एका रात्रीचे भाडे दोन हजार रुपये, जेवण वेगळे. शनिवार-रविवार आणि नाताळच्या सुट्टीत दोन्ही खोल्या भरतात. आठवड्याच्या मधल्या दिवशी बहुतेक रिकाम्या. पावसाळ्यात जंजिऱ्याच्या होड्या बंद, १ जून ते ३१ जुलै मासेमारीही बंद, त्यामुळे पाहुणा फारसा नाही. वर्षाला दोन्ही मिळून साधारण १२० रात्री भरतात, म्हणजे दोन लाख चाळीस हजार. त्यातून मोबाईलवरून गिऱ्हाईक आणणाऱ्या कंपनीची दलाली, कामवाल्या बाईचा पगार, वीज, गॅस, धुलाई जाते. शिवाय खाऱ्या हवेचा खर्च : नळ गंजतात, पंखा गंजतो, दरवर्षी रंग लावावा लागतो. सगळे वजा जाता निम्मे हाती राहतात. ते म्हणाले, ‘‘श्रीमंत होण्याचा हा धंदा नाही. पण घर उभे राहते आणि दोघांचा खर्च निघतो.’’

त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा त्यांच्या वाडीतली अर्धी झाडे आडवी झाली. सुपारीचे झाड लावल्यापासून फळ धरायला पाच-सहा वर्षे तरी जातात. श्रीवर्धनचा रोठा नावाजलेला. पण ज्यांची बाग गेली त्यांनी तेवढी वर्षे काय खायचे? त्या काळात या दोन खोल्यांनी त्यांना तारले. एकाच पिकावर घर चालवू नये, हे शेतकऱ्याला जेवढे लागू आहे तेवढेच आपल्यालाही.

कायदा काय मागतो

अशा घरांसाठी राज्यात ‘निवास व न्याहारी’ योजना पर्यटन विभागाने पूर्वीपासून राबवली आहे. केंद्र सरकारचीही योजना आहे. तिच्यात एक ते सहा खोल्या, जास्तीत जास्त बारा पलंग, अशी मर्यादा आहे आणि मालकाने किंवा त्याच्या कुटुंबाने त्याच घरात राहिले पाहिजे, अशी अट आहे. ही अट नीट वाचावी. घराला कुलूप लावून मुंबईत बसलेल्या माणसासाठी ही योजना नाही.

समुद्राजवळ नवे बांधकाम करायला सीआरझेडचे नियम आडवे येतात. मात्र २०१९ च्या अधिसूचनेत स्थानिक लोकांना असलेल्या घरात पाहुणे ठेवण्याची मुभा आहे; घराचे जोते आणि बाहेरचे रूप बदलायचे नाही. म्हणजे ज्याच्याकडे जुने घर आहे त्याच्याकडेच भांडवल आहे. नवीन येणाऱ्याला ते पैशानेही सहज मिळत नाही.

पाहुण्याचे ओळखपत्र पाहून नोंदवहीत नोंद ठेवावी. परदेशी पाहुणा असेल तर त्याची माहिती २४ तासांत कळवणे सक्तीचे आहे. आखातातून किंवा आफ्रिकेतून येणारे आपले नातेवाईक परदेशी पासपोर्टवर असले तरी हा नियम लागतो. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर साधारणपणे जीएसटीची नोंदणी लागत नाही. तरी हिशेबनीसाला विचारूनच पाऊल टाकावे.

खाडीपलीकडचे कुलूप

तिसऱ्या दिवशी परतायचे होते. पत्नी म्हणाली, ‘‘अहो, इथवर आलोच आहोत तर पलीकडे जाऊन येऊ.’’ आगरदांड्याहून दिघीला जाणारी जंगल जेटी मिळाली. खाडी ओलांडायला थोडा वेळ लागतो. आम्ही तेवढे अंतर सहा वर्षांत ओलांडले नव्हते.

कुलूप गंजलेले होते. शेजाऱ्यांकडून तेल आणून उघडले. वादळात उडालेल्या कौलांच्या जागी कोणी तरी पत्रा टाकला होता. माळा एका बाजूने खचला होता. दरवर्षी पावसाच्या आधी घर शाकारावे लागते, म्हणजे कौले उतरवून, झाडून, फुटलेली बदलून पुन्हा लावावी लागतात. ते झाले नव्हते. पत्रा मात्र नवा होता. शेजारी म्हणाले, ‘‘तुमच्या आपाने टाकून घेतला.’’

माझी ही मोठी बहीण विधवा आहे आणि दोन गावे सोडून राहते. आम्ही तीन भाऊ. एक आखातात, दोन मुंबईत. वडील जाऊन चौदा वर्षे झाली, आई त्यांच्या आधीच गेली. शरीअतप्रमाणे मुलाचे दोन हिस्से, मुलीचा एक. म्हणजे घराच्या सात हिश्शांपैकी एक आपाचा. तो आम्ही तिला दिला नाही. नाकारलाही नाही, नुसता विषय काढला नाही. ग्रामपंचायतीच्या दप्तरात घर अजून वडिलांच्या नावावर आहे. दुकानात चार आण्यांचा फरक आला तर मी रात्री वही पुन्हा जुळवतो. हा फरक चौदा वर्षे तसाच ठेवला. आणि पावसाळ्यात ज्या घरावर तिने स्वतःच्या पैशाने पत्रा टाकला, त्याची किल्लीसुद्धा तिच्याकडे नव्हती.

त्याच दुपारी आम्ही तिच्याकडे गेलो. मी खोल्यांच्या धंद्याची गोष्ट काढली. ती म्हणाली, ‘‘मी घर सांभाळीन, पाहुण्यांचे रांधीनही. पण तुम्हा भावांची मोलकरीण म्हणून नाही. माझे काय ते आधी कागदावर लिहा.’’ पत्नी तिच्या बाजूला जाऊन बसली. मला बोलायला काही उरले नाही.

आधी वाटणी, मग धंदा

वाकोल्याला परतल्यावर मी धाकट्या भावाला बोलावले आणि आखातातल्या भावाला फोनवर घेतले. सात हिश्शांचा कागद वकिलाकडून तयार झाला आहे. आपाची आणि माझी सही झाली. धाकट्यानेही केली. आखातातला भाऊ म्हणतो, सुटीवर आल्यावर बघू. त्याची सही येईपर्यंत मी पाहुण्यांसाठी एक खिळाही ठोकणार नाही, कारण वादातल्या घरात लावलेला पैसा म्हणजे वाळूत ओतलेले पाणी. मात्र शाकारणीसाठी थांबायचे नाही, असे ठरले. तो खर्च मी केला आणि किल्ली आपाच्या हातात दिली.

रायगड आणि रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या गावांत आपली अशी किती घरे बंद आहेत ते ज्याने त्याने आपल्या गावात जाऊन पाहावे. मालक मुंबईत, मुंब्र्यात, आखातात. घरपट्टी भरली जाते आणि कौले फुटत जातात. दुकानात पडून राहिलेल्या मालाला आपण बुडीत म्हणतो, आणि बंद घराला मात्र मालमत्ता म्हणतो. जिथे राहणारे कोणी आहे, वाटणी स्वच्छ आहे, पाणी आणि रस्ता आहे, तिथे दोन खोल्यांपासून सुरुवात करावी. कर्ज काढून सहा खोल्या बांधू नयेत. पहिल्या वर्षी नुसती वही ठेवावी आणि दुसऱ्या वर्षी त्या वहीचे ऐकावे. जिथे राहणारे कोणीच नाही, तिथे घरातले बहीण-भाऊ, भाचे-पुतणे यांपैकी कोणाला तिथे राहायची इच्छा आहे हे आधी विचारावे, आणि त्याला नोकर न समजता भागीदार करावे.

आणखी एक. दुकानात मी आता ‘ग्लेस कॉटन’च्या चादरींचा वेगळा कप्पा केला आहे आणि वर ‘पॉलिस्टर’ अशी चिठ्ठी लावली आहे. विक्री थोडी कमी झाली. मुरुडच्या त्या घरी सहा सुती चादरी पाठवल्या, घाऊक भावाने. मालकांचा फोन आला होता की पाहुणे आता झोपेची तक्रार करीत नाहीत. पत्नीने पुढच्या हिवाळ्याची तारीख विचारली आहे. मी दुकान बंद ठेवण्याचा दिवस या वेळी स्वतःच ठरवणार आहे.